दंड चार शिलिंग, खर्च साडेबारा शिलिंग

जमैका म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? मायकेल होल्डिंगचा तो पावलांचा आवाज न करणारा रनअप, कोर्टनी वॉल्श, बॉब मार्ली, उसेन बोल्ट, आणि १९७६ सालची सबिना पार्कवरची ती टेस्ट, जिच्यात आपले बॅट्समन एकेक करून जखमी झाले आणि शेवटी खेळायला कोणी उरलंच नाही. माझंही जमैकाचं ज्ञान एवढंच. गेले तीन-चार विकांत मात्र एका वेगळ्याच जमैकाच्या मागे लागलोय. साल १८६५. बेटाच्या आग्नेय टोकाला मोरांट बे नावाचं एक लहानसं बंदर आहे. ११ ऑक्टोबरला तिथे लोकांनी कोर्टाची इमारत जाळली आणि अठरा माणसं मारली. त्याचा बदला म्हणून सरकारने पुढच्या महिनाभरात ४३९ माणसं मारली, सहाशेच्या वर लोकांना चाबकाने फोडलं आणि हजार घरं जाळली. हे आकडे विरोधकांचे नाहीत बरं का. खुद्द ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे आहेत.

तर मुद्दा असा की, हे झालं का?

शाळेत आपण १८५७ ची कारणं लिहायचो, आठवतंय? राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, आणि शेवटी 'तात्कालिक कारण': काडतुसं. पहिल्या पाच मथळ्यांना भरपूर मार्क, तात्कालिक कारणाला दोन ओळी. मोरांट बेची कारणंही पुस्तकांमध्ये साधारण याच साच्यात मिळतात. दुष्काळ, महागाई, मजुरी, जमीन, वंशद्वेष. सगळी खरी आहेत. पण जितकं वाचत गेलो तितकं मला वाटायला लागलं की इथे तात्कालिक कारण हेच मुख्य कारण आहे, आणि आपण त्याला दोन ओळींत उरकतोय.

आधी पार्श्वभूमी बघू.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली १ ऑगस्ट १८३४ ला. जमैकात तेव्हा तीन लाखांवर गुलाम होते. लगेच मोकळे झाले का? छे. 'शिकाऊ उमेदवारी' असं गोंडस नाव देऊन त्यांना आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबवलं. खरी सुटका १८३८ ला. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड मंजूर केले. कोणाला? मालकांना! त्यांची 'मालमत्ता' गेली ना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशोब २०१५ साली मिटला, असं ब्रिटिश ट्रेझरीनेच २०१८ मध्ये सांगितलं. गुलामांना एक पेनी मिळाली नाही, जमीनही नाही.

तरी लोक उभे राहिले. बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी जमिनी विकत घेऊन तुकडे पाडून दिले, त्यावर 'मुक्त गावं' वसली. डोंगरात केळी, याम (आपल्या सुरणाच्या जातीचा कंद म्हणा), भाज्या पिकवायच्या, जमेल तेव्हा उसाच्या मळ्यावर रोजंदारी करायची. मळेवाल्यांना हे अर्थातच आवडलं नाही. त्यांना हवा होता हुकमी मजूर. तो मिळेना म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले, ते जमैकातल्या भारतीयांचे पूर्वज. १८४६ साली विलायतेने वसाहतींच्या साखरेला मिळणारं जकातीचं संरक्षण काढून घ्यायला सुरुवात केली. क्यूबा आणि ब्राझीलची गुलामांनी पिकवलेली स्वस्त साखर बाजारात आली आणि जमैकाचे शेकडो मळे बसले. बसले म्हणजे ओस पडले. मालक लंडनमध्ये, मळ्यावर जंगल वाढलेलं, आणि शेजारच्या गावात माणसं वाढतायत पण जमीन नाही. ही परिस्थिती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राज्य कोणाचं? १८६१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,४१,००० च्या आसपास. त्यात गोरे सुमारे १४,०००. स्वतःची निवडून आलेली असेंब्ली होती, पण मतदानासाठी मालमत्तेची अट अशी की अख्ख्या बेटावर मतदार दोन हजारांहून कमी. असेंब्लीत मळेवाले आणि त्यांचे वकील. कर त्यांनी बसवायचे, आणि बसवायचे गरिबाच्या खाण्यावर, कपड्यावर आणि गाढवाच्या गाडीवर.

आणि मग आली अमेरिकेतली यादवी.

इथे जरा आपल्या गावात डोकावू. १८६१ ते १८६५ अमेरिकेच्या दक्षिणेतून येणारा कापूस थांबला, मॅंचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद, बॅक बेचे शेअर, रोज एक नवी कंपनी, रोज एक नवी बॅंक. आजच्या दक्षिण मुंबईतल्या कितीतरी भव्य इमारतींची मुळं त्या वर्षांत आहेत. त्याच युद्धाची जमैकात पोचलेली बाजू अगदी उलटी होती. तिथला गरीब माणूस खायचा उत्तर अमेरिकेतून आलेलं पीठ आणि खारवलेले मासे, आणि नेसायचा मॅंचेस्टरचं सुती कापड. पीठ महागलं. कापूस महागला म्हणून कापड महागलं. म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्याला जो भाव मिळत होता, तो शेवटी जमैकातली धुणं धुणारी बाई आपल्या परकराच्या किमतीत भरत होती. जागतिकीकरण ही १९९१ नंतरची गोष्ट आहे असं वाटणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो.

भरीला पाऊस दगा देऊन गेला. मजुरी दिवसाला नऊ पेन्स ते एक शिलिंग, तीही रोज मिळेल याची खात्री नाही.

जानेवारी १८६५ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे सचिव एडवर्ड अंडरहिल यांनी वसाहतमंत्री कार्डवेल यांना पत्र लिहिलं: लोक उपाशी आहेत, अंगावर धड कपडे नाहीत, कर अन्यायाचे आहेत, चौकशी करा. कार्डवेलने ते जमैकाच्या गव्हर्नरकडे उत्तरासाठी पाठवलं. गव्हर्नर एडवर्ड जॉन एअर. हो, ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरला ज्याचं नाव आहे तोच. तरुणपणी ऑस्ट्रेलियाचं वाळवंट तुडवणारा, तिथल्या आदिवासींबद्दल सहानुभूतीने लिहिणारा माणूस. या माणसाचं पुढे काय झालं हा मला अजून न सुटलेला प्रश्न आहे. एअरने अंडरहिलचं पत्र बेटभरच्या मॅजिस्ट्रेटांना आणि पाद्रींना अभिप्रायासाठी पाठवलं. ते उत्तरले, छे छे, सगळं ठीक आहे, लोक आळशी आहेत. पण पत्र बाहेर फुटलं, वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि गावोगावी 'अंडरहिल सभा' भरायला लागल्या. आपल्याला होतंय ते कोणीतरी लिहून काढलंय, हे लोकांना पहिल्यांदाच कळत होतं.

त्याच सुमारास सेंट ॲन पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) गरीब लोकांनी थेट राणीला अर्ज केला. मागणी काय, तर सरकारी पडीक जमीन कसायला द्या, आम्ही तिचे पैसे हप्त्याने फेडू. खैरात मागितलेली नाही हे बघा. उत्तर जूनमध्ये आलं. त्याचा सारांश असा की तुमची भरभराट मळ्यांवर मजुरी करण्यात आहे, तीही लहर लागली की नव्हे, मालकाला गरज असेल तेव्हा, नियमित. हे उत्तर लिहिलं वसाहत खात्याच्या बाबूंनी, पण नाव झालं 'राणीचा सल्ला'. एअरने खूश होऊन त्याच्या पन्नास हजार प्रती छापल्या, भिंतींवर लावल्या, चर्चमध्ये वाचून दाखवायला सांगितल्या.

हा मूर्खपणा नक्की किती मोठा होता ते समजून घ्यायला एक गोष्ट माहीत हवी. काळ्या लोकांच्या मनात राणीबद्दल प्रचंड विश्वास होता. गुलामगिरीतून राजाने सोडवलं, मळेवाल्यांनी नाही, ही त्यांची पक्की समजूत. स्थानिक साहेब वाईट असला तरी वर कोणीतरी आपलं आहे, ही भावना आपल्याला काही नवीन नाही. एअरने पन्नास हजार कागद वाटून त्यांना सांगितलं की वर कोणी नाही. अनेकांना ते खरंच वाटेना. हे पत्र राणीचं नाहीच, मळेवाल्यांनी लिहिलंय, असं लोक बोलायला लागले. आपल्याला पुन्हा गुलाम करणार अशा अफवाही उठल्या.

इथपर्यंतची कारणं बेटभर सारखी होती. दुष्काळ सगळीकडे, महागाई सगळीकडे, राणीचा सल्ला सगळीकडे चिकटवलेला. मग भडका सेंट थॉमस-इन-द-ईस्ट याच पॅरिशमध्ये का उडाला? आमच्या धंद्यात सगळ्या सर्व्हरांवर सारखा लोड असेल आणि एकच पडला, तर लोडला दोष देऊन भागत नाही. त्या एका सर्व्हरवर वेगळं काय आहे ते बघावं लागतं.

वेगळं होतं तिथलं कोर्ट.

पॅरिशचा मुख्य मॅजिस्ट्रेट, त्याला कस्टोस म्हणत, होता बॅरन फॉन केटलहोट. जन्माने जर्मन, स्वतः मळेवाला. त्याच्या जोडीचे मॅजिस्ट्रेटही मुख्यतः मळ्यांचे मालक किंवा व्यवस्थापक. आता कोर्टात येणारे खटले कुठले? मजुरी बुडवली. जनावर मळ्यात शिरलं. ओस जमिनीवर भाजी लावली. ऊस चोरला. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खटल्यात एका बाजूला मळा आणि न्याय करायला बसलेला माणूसही मळ्याचाच. तक्रार ज्याच्याविरुद्ध, टिकट त्यालाच असाइन. वर कोर्टाची फी. ती इतकी की मजूर मजुरीसाठी दावा लावायलाच धजत नसे. लोकांचा या कोर्टावरचा विश्वास इतका उडाला होता की पॅरिशच्या काही भागांत त्यांनी स्वतःची न्यायमंडळं चालू केली होती, पंचायतीसारखी.

या व्यवस्थेला आतून टोकणारा एकच माणूस होता, जॉर्ज विल्यम गॉर्डन. स्कॉटिश मळेवाला बाप, गुलाम आई. स्वतःच्या हिमतीवर शिकला, व्यापारी झाला, मॅजिस्ट्रेट झाला, पुढे याच पॅरिशमधून असेंब्लीवर निवडून आला. मोरांट बेच्या तुरुंगात एका आजारी कंगालाला कसं ठेवलंय याची त्याने १८६२ साली तक्रार केली. एअरने काय करावं? तक्रारदाराचंच मॅजिस्ट्रेटपद काढून घेतलं. पुढे लोकांनी त्याला व्हेस्ट्रीवर, म्हणजे पॅरिशच्या कारभारी मंडळावर पाठवलं, तर केटलहोटने तिथूनही त्याला हुसकलं. गॉर्डनची जीभ तिखट होती, असेंब्लीत तो एअरला सोडत नसे, हेही खरं. पण कायद्याच्या चौकटीत राहून भांडणारा तोच होता, आणि एकेक करून त्याची दारं बंद केली गेली.

गॉर्डनचा इथला सहकारी पॉल बोगल. मोरांट बेपासून काही मैलांवर डोंगरात स्टोनी गट नावाची वस्ती आहे, तिथल्या बाप्टिस्ट चॅपेलचा तो डीकन. भिकेकंगाल नव्हता. स्वतःची जमीन होती, आणि पॅरिशमधल्या मूठभर मतदारांपैकी तो एक होता. हे महत्त्वाचं आहे. उठाव नेहमी सगळ्यात उपाशी माणूस करतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो करतो ज्याने नियमाप्रमाणे सगळं करून बघितलंय असा माणूस. ऑगस्ट १८६५ मध्ये बोगल आणि त्याचे लोक पायपीट करत राजधानी स्पॅनिश टाउनला गेले, गव्हर्नरला गाऱ्हाणं सांगायला. एअरने भेट नाकारली. आले तसे चालत परत.

आता तात्कालिक कारण.

शनिवार, ७ ऑक्टोबर १८६५. मोरांट बेचं कोर्ट. मारहाणीच्या एका किरकोळ खटल्यात एका पोराला दंड झाला चार शिलिंग. त्यावर कोर्टाचा खर्च साडेबारा शिलिंग. पुन्हा वाचा. दंड चार, खर्च साडेबारा! दिवसाला एक शिलिंग मजुरी धरली तरी नुसत्या खर्चाचे साडेबारा दिवस. तेवढ्यात जमलेल्या लोकांतून गेओगन नावाचा माणूस ओरडला, दंड भर, खर्च भरू नकोस. पोलिस त्याला धरायला गेले, बोगलच्या माणसांनी त्याला सोडवलं, धक्काबुक्की झाली.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. गेओगनने दंड भरू नकोस असं म्हटलं नाही. त्याने न्याय नाकारला नाही, न्यायाचं बिल नाकारलं. इतका नेमका फरक भर कोर्टात ओरडून सांगणारा माणूस 'आळशी, अडाणी जमाव' या वर्णनात कसा बसतो?

त्याच दिवशी दुसरा एक खटला होता. बोगलचा नातेवाईक लुइस मिलर, त्याचा घोडा एका मळ्याच्या जमिनीवर चरला म्हणून आरोप. त्या जमिनीवर मळ्याचा हक्क आहे की नाही, यावरच गावकऱ्यांचा वाद होता. मघाशी लक्षात ठेवा म्हटलेली ओस जमीन ती हीच. मिलरला दंड झाला. त्याने अपील करायचं ठरवलं. बघा, अजूनही अपीलच!

सोमवारी वॉरंट निघाली: बोगल आणि आणखी २७ जण. मंगळवारी मूठभर पोलिस स्टोनी गटला बोगलला पकडायला गेले. तिथे शेकडो लोकांनी त्यांनाच धरलं आणि शपथ घ्यायला लावून सोडलं. त्याच दिवशी बोगल आणि साथीदारांनी गव्हर्नरला एक अर्ज लिहिला. आम्ही राणीचे इमानी प्रजाजन आहोत, आमच्यावर अन्यायाने वॉरंट काढलीयत, आम्हाला संरक्षण द्या. नाहीतर आम्हाला आमचं बघावं लागेल. आम्ही सत्तावीस वर्षं कायदा पाळून हे सोसतोय, असंही त्यात होतं. १८६५ वजा सत्तावीस करा. १८३८ येतं, सुटकेचं वर्ष. हिशोब त्यांनी नीट ठेवला होता.

बुधवारी ११ तारखेला व्हेस्ट्रीची बैठक होती. बोगल शेकडो लोकांसह डोंगरावरून उतरला. आधी पोलिस ठाणं लुटून हत्यारं घेतली, मग कोर्टासमोरच्या चौकात आले. केटलहोटने जमावबंदीचा कायदा वाचून दाखवायला सुरुवात केली. बायकांनी दगड मारले. स्वयंसेवक शिपायांनी गोळीबार केला, सात माणसं पडली. त्यानंतर कोणी कोणाला आवरणारं राहिलं नाही. लोकांनी शेजारच्या शाळेला आग लावली, ती कोर्टाला लागली, आणि आतून बाहेर पळणाऱ्यांना गाठून मारलं. केटलहोट मेला. एक पाद्री मेला. चार्ल्स प्राइस नावाचा माजी असेंब्ली सदस्यही मेला, जो स्वतः काळा होता. त्याने आमच्याकडून काम करून घेऊन मजुरी दिली नाही, अशी लोकांची तक्रार होती. हे भीषण होतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. बोगलने हे सगळं आधीपासून ठरवलं होतं का, यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर माणसं जमवणं, शपथा देणं, हत्यारं घेणं ही तयारी होती. पण त्याच हाताने तो गव्हर्नरला अर्जही लिहीत होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पुढचं आटोपशीर सांगतो, कारण वाचवत नाही. एअरने किंग्स्टन शहर वगळून आसपासच्या भागात लष्करी कायदा पुकारला. सैन्याला प्रतिकार असा झालाच नाही. डोंगरातले मरून, म्हणजे जुन्या काळी पळून गेलेल्या गुलामांचे स्वतंत्र वंशज, सरकारच्या बाजूने उतरले आणि त्यांनीच बोगलला पकडून दिलं. त्याला २४ ऑक्टोबरला फाशी. मारलेल्या ४३९ पैकी ३५४ जणांना 'रीतसर' लष्करी न्यायालयापुढे उभं करून मारलं होतं. बाथ नावाच्या गावी चाबकाच्या दोऱ्यांत तार गुंफून फटके मारले, बायकांनासुद्धा.

गॉर्डन तर त्या दिवशी मोरांट बेला नव्हताच. किंग्स्टनमध्ये होता, जिथे लष्करी कायदा नव्हता. तो स्वतःहून हजर झाला. एअरने त्याला युद्धनौकेवर घालून जिथे लष्करी कायदा होता तिथे नेलं, तीन तरुण अधिकाऱ्यांपुढे उभं केलं आणि २३ ऑक्टोबरला फाशी दिलं. एअरचं म्हणणं साधं होतं: लोकांना काही दुःख नव्हतं, गॉर्डन, बाप्टिस्ट आणि ते अंडरहिलचं पत्र यांनी भडकावलं. सत्तेला हे कारण नेहमीच सोयीचं पडतं. भडकावणारा सापडला की बाकी कुठलं कारण शोधावं लागत नाही, आणि कारण एका माणसात असेल तर तो माणूस संपवला की काम झालं.

विलायतेत यावरून जे रण माजलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. एअरवर खुनाचा खटला भरा म्हणणाऱ्यांत जॉन स्टुअर्ट मिल (ज्याचं आयुष्य लंडनच्या इंडिया हाउसात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करण्यात गेलं, तोच), डार्विन, हक्सले. एअरच्या बाजूने कार्लाइल, रस्किन, टेनिसन आणि गरिबांचा कैवारी म्हणून आपण वाचलेला चार्ल्स डिकन्स. शाळेत 'ऑलिव्हर ट्विस्ट' वाचून ज्यांचे डोळे ओले झाले त्यांनी याचं काय करायचं ते आपापलं ठरवा. एअरवर खटला कधी उभा राहिलाच नाही. त्याच्या वकिलांचा खर्च सरकारने दिला आणि १८७४ मध्ये पेन्शनही चालू केलं. कोर्टखर्चावरून सुरू झालेल्या गोष्टीत कोणाचा कोर्टखर्च सरकारने भरला, तर एअरचा.

चौकशी आयोगाचा अहवाल १८६६ मध्ये आला. तो सरकारीच होता, बंडखोरांबद्दल त्याला प्रेम नव्हतं. तरी कारणांत त्याने स्वच्छ लिहिलं की लोकांना बिनभाड्याची जमीन हवी होती, आणि त्याला जोर आला तो कष्टकरी वर्गाचा कोर्टावर विश्वास उरला नव्हता यामुळे. म्हणजे गेओगन जे ओरडला तेच, फक्त साहेबी भाषेत.

इथे मला आपल्याकडचा १८७५ चा दख्खनचा उठाव आठवल्याशिवाय राहत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. अमेरिकेतली यादवी संपल्यावर कापसाचे भाव कोसळले हे त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं जातं. ते किती वजनाचं, यावर वाद आहेत. पण तिथेही शेतकऱ्याचा राग नुसत्या कर्जावर नव्हता. सावकार दिवाणी कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे आणत होते आणि शेतकऱ्याला कोर्ट म्हणजे सावकाराचंच दुसरं दुकान वाटत होतं. सुप्यात माणसं मारली गेली नाहीत, हा फरक मोठा आहे. पण लोकांनी काय जाळलं ते दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. तिथे कोर्ट, इथे कोर्टात चालणारा कागद.

मोरांट बेनंतर जमैकाच्या असेंब्लीने घाबरून स्वतःलाच बरखास्त केलं. काळ्यांच्या हातात कधीतरी सत्ता जाईल, त्यापेक्षा ती लंडनला परत दिलेली बरी, असा विचार. १८६६ मध्ये बेट थेट राणीच्या कारभाराखाली गेलं. नवा गव्हर्नर म्हणून आला सर जॉन पीटर ग्रॅंट. हे नाव बंगालच्या इतिहासात भेटतं. १८५९ ते १८६२ तो बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयत उठली होती तेव्हा. मळेवाले त्याच्यावर खवळले होते, कारण तो रयतेचं ऐकून घ्यायचा. जमैकात त्याने केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पगारी न्यायाधीश असलेली जिल्हा न्यायालयं. मळेवाल्याने मळेवाल्याचा खटला ऐकायची पद्धत निदान तिथे तरी मोडली. मात्र सगळं गोड नव्हतं. ओस जमिनींवर बसलेल्यांना उठवायचे कायदेही त्याच्याच काळात झाले, आणि लोकांच्या हाती मत काही आलं नाही. प्रौढ मतदानाचा हक्क जमैकाला मिळाला १९४४ साली.

जमैकाने १९६९ मध्ये बोगल आणि गॉर्डन या दोघांनाही राष्ट्रीय वीर जाहीर केलं. मोरांट बेला कोर्ट पुन्हा बांधलं गेलं होतं, त्याच्यापुढे १९६५ मध्ये एडना मॅनली यांनी घडवलेला बोगलचा पुतळा उभा राहिला. ती इमारतही २००७ मध्ये आगीत गेली. कायद्याच्या कागदांवर मात्र हे दोन्ही राष्ट्रीय वीर तोपर्यंत फाशी गेलेले गुन्हेगारच होते. त्यांना आणि इतर बंडखोरांना दोषमुक्त करणारा कायदा जमैकाच्या संसदेने केला २०१८ मध्ये. किंग्स्टनमधल्या ज्या इमारतीत तो मंजूर झाला, तिचं नाव गॉर्डन हाउस.